किनाऱ्यापलीकडचा गोवा आणि तुमच्या घरातली एक खोली

1 फेब्रुवारी 2025 रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात पर्यटनाविषयी दोन घोषणा होत्या. राज्यांच्या भागीदारीत देशातली 50 पर्यटनस्थळे विकसित करायची, ही पहिली. होमस्टेसाठी मुद्रा कर्ज द्यायचे, ही दुसरी. त्यानंतर ‘कमी माहीत असलेली ठिकाणे’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदांत वारंवार दिसू लागला. प्रसिद्ध ठिकाणी गर्दी फार झाली आहे, ती आजूबाजूच्या गावांकडे वळवावी आणि त्या गावांना उत्पन्न मिळावे, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. पण तुमचे गाव अशा ठिकाणी असेल तर त्यातला कोणता पैसा तुमच्या घरापर्यंत येतो, कोणता फेडावा लागतो आणि कोणता फक्त रस्त्याच्या फलकावर दिसतो, हे वेगवेगळे समजून घ्यायला हवे.

उदाहरण म्हणून या लेखात गोवा घेतला आहे. प्रसिद्ध भाग आणि अल्पपरिचित भाग यांच्यात इथे जेमतेम तास-दीड तासाचे अंतर आहे, त्यामुळे फरक स्पष्ट दिसतो. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा खानापूर तालुक्यातल्या वाचकांना हा भाग ओळखीचाच आहे. केंद्राच्या योजनांचे नियम देशभर सारखे असल्याने बाकीच्यांनाही हा हिशेब लागू पडेल.

पाहुणे येतात, पण झोपतात कुठे?

2024 मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. त्यांतले बहुतेक किनाऱ्यावर उतरले. बार्देश, सासष्टी आणि तिसवाडीतली हॉटेले, टॅक्सी, शॅक यांच्यावर हा व्यवसाय उभा आहे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोणचा आतला भाग मात्र या चित्रात फारसा नसतो.

पाहण्यासारखे काही नाही म्हणून नव्हे. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे, ज्याला पणसायमळ असेही म्हणतात, जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर शंभराहून अधिक चित्रे कोरलेली आहेत. त्यांत बैल आहेत, हरणे आहेत, मोर आहे आणि एक मोठे गोल चक्रव्यूहासारखे चित्र आहे. 1993 च्या सुमारास गावकऱ्यांनी दाखवल्यावर पुरातत्त्व अभ्यासकांनी त्यांची नोंद केली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कातळशिल्पांसोबत हे ठिकाण 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले आहे. तिथून जवळच रिवण येथे कातळात कोरलेली लेणी आहेत. नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळापुढे बुडबुड्यांची तळी आहे. तिच्या तळातून सतत बुडबुडे येतात आणि टाळी वाजवली की ते वाढतात असे लोक सांगतात. पणजीहून साधारण 65 किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याच्या रानात तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर आहे. ते काळ्या दगडाचे आहे आणि पोर्तुगीज काळातही टिकून राहिले. काणकोणात खोतीगावचे अभयारण्य आहे, तर सत्तरीत म्हादईचे.

या ठिकाणी लोक येतातही. सकाळी किनाऱ्यावरून गाडी निघते, दुपारपर्यंत देऊळ किंवा धबधबा होतो, रस्त्यात कुठेतरी जेवण होते आणि संध्याकाळी गाडी कळंगुट किंवा कोलव्याला परत जाते. पर्यटकाच्या खर्चातला मोठा भाग राहण्यावर जातो. जिथे तो रात्री झोपतो, तिथे हा पैसा राहतो. नेत्रावळीला दिवसभर पाचशे माणसे आली आणि एकही रात्रीला राहिला नाही, तर गावाच्या वाट्याला चहा, पाण्याच्या बाटल्या आणि रिकाम्या बाटल्या येतात.

28 नोव्हेंबर 2025 रोजी काणकोणातल्या पर्तगाळी मठात प्रभू रामचंद्रांच्या 77 फूट उंच पुतळ्याचे अनावरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. तिथे आता गर्दी वाढेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. ही गर्दी पैंगीण-खोतीगावच्या घरांत मुक्कामाला थांबेल की महामार्गावरून सरळ पुढे जाईल, हे मात्र पुतळ्यावर अवलंबून नाही. जवळपास नीट, नोंदणी झालेली आणि फोनवर सापडणारी खोली आहे का, यावर ते ठरते.

मोठा निधी कुठे गेला

केंद्राची स्वदेश दर्शन योजना 2014-15 पासून आहे. 2023 मध्ये तिचे दुसरे रूप आले. त्यात गोव्यातली दोन ठिकाणे निवडली गेली: पर्वरी आणि कोलवा. पर्वरी पणजीच्या समोर, मांडवीच्या पलीकडच्या तीरावर आहे. कोलवा म्हणजे दक्षिण गोव्यातला बहुधा सर्वांत गजबजलेला किनारा. दोन्ही ठिकाणी काम करण्याची कारणे असतीलच, पण यांना अल्पपरिचित म्हणणे कठीण आहे.

हे सांगण्याचे कारण तक्रार करणे हे नाही. अशा योजनांचा निधी राज्य सरकारकडे किंवा त्याच्या यंत्रणेकडे जातो आणि त्यातून रस्ते, दिवे, स्वच्छतागृहे, माहिती केंद्रे उभी राहतात. तुम्ही व्यक्ती म्हणून त्यासाठी अर्ज करू शकत नाही. ‘स्वदेश दर्शनातून होमस्टेला पैसे मिळवून देतो’ असे सांगून कोणी तुमच्याकडून फॉर्मचे पैसे मागत असेल, तर त्याला आधी योजनेचा कोणता भाग, असे विचारा. कारण एक भाग खरोखर तसा आहे, आणि तो सगळ्यांसाठी नाही.

तो भाग आदिवासी कुटुंबांसाठी आहे. धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 18 सप्टेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. त्यात स्वदेश दर्शनच्या माध्यमातून देशभर 1000 होमस्टे उभे करायचे आहेत. पर्यटनाला वाव असलेल्या आदिवासी गावात 5 ते 10 होमस्टे असे हे गणित आहे. एका कुटुंबाला दोन नव्या खोल्या बांधण्यासाठी 5 लाख रुपयांपर्यंत, असलेल्या खोल्यांच्या दुरुस्तीसाठी 3 लाखांपर्यंत आणि गावाच्या सामाईक गरजांसाठी 5 लाख रुपये अशी तरतूद आहे. हे कर्ज नाही. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज 2003 पासून अनुसूचित जमातींत आहेत आणि सांगे, केपे, काणकोणच्या आतल्या भागात त्यांचीच वस्ती मोठी आहे. 1000 ही देशभरची संख्या आहे आणि अभियानात 63,000 हून अधिक गावे येतात, हे मात्र लक्षात ठेवा. आपले गाव अभियानाच्या यादीत आहे का आणि होमस्टेसाठी त्याचे नाव पर्यटन खात्याकडे गेले आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आदिवासी कल्याण खात्यात दोन्ही विचारा. ग्रामसभेत ठराव करून पंचायतीमार्फत मागणी केली, तर ती एकट्या अर्जापेक्षा जड ठरते.

‘साहाय्य’ या शब्दाखाली काय आहे

भाषांतराचे काम करताना एक शब्द रोज समोर येतो. इंग्रजी कागदात जिथे आर्थिक मदत असते, तिथे मराठीत ‘अर्थसाहाय्य’ लिहिले जाते. ती मदत अनुदान असो, कर्ज असो की कर्जावरच्या व्याजाची सवलत असो, शब्द एकच. म्हणून शीर्षकावर जाऊ नका. खालच्या ओळीत परतफेड, हप्ता, बँक, व्याज यांतला एक जरी शब्द दिसला, तर ते पैसे फेडायचे आहेत.

मुद्रा हे कर्ज आहे. शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत, तरुण गटात 10 लाखांपर्यंत मिळते. आधीचे तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठी 20 लाखांपर्यंतचा तरुण प्लस गट 2024 मध्ये जोडला गेला. मुद्रासाठी जमीन किंवा दागिने तारण ठेवावे लागत नाहीत. ही मोठी सोय आहे, विशेषतः ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्यासाठी. पण तारण नाही म्हणजे हप्ता नाही, असे नव्हे. हप्ते थकले की पुढचे कोणतेही कर्ज मिळणे अवघड होते.

आता हिशेब करू. समजा, तुमच्या घरात एक खोली मोकळी आहे आणि न्याहारीसह रात्रीचे 1,500 रुपये मिळतात. आतल्या गावात वर्षातून 60 रात्री पाहुणे आले असे धरू. एकूण आले 90,000. न्याहारी, चादरी धुणे, वीज, साफसफाई यांचे रात्रीला 500 रुपये वजा केले तर उरले 60,000, म्हणजे महिन्याला सरासरी 5,000. वाईट नाही.

हीच खोली तुम्ही 3 लाखांचे कर्ज काढून नवी बांधली असेल तर? 11 टक्के व्याज आणि पाच वर्षे मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे 6,500 रुपये येतो, वर्षाचे 78,000. खोलीतून उरले होते 60,000. पाहुणे आले, घर गजबजले, आणि वर्षाअखेर खिशातून 18,000 रुपये गेले. गृह आधार योजनेत गोव्यातल्या गृहिणीला महिन्याला 1,500 रुपये मिळतात, त्याची वर्षाची बेरीजही 18,000 च होते. म्हणजे एका योजनेतून आलेले दुसऱ्या योजनेच्या हप्त्यात गेले.

कर्ज घेऊ नका, असा याचा अर्थ नाही. वर्षाला 78 रात्रींच्या पुढे गेलात की हेच गणित फायद्याचे होते. पण त्या रात्री येतील की नाही, हे बांधकामाआधी कळले पाहिजे. त्याचा मार्ग एकच: असलेली खोली रंगवून, पंखा, मच्छरदाणी आणि स्वच्छ शौचालय करून आधी एक हंगाम चालवून पाहायची. त्यासाठी शिशु गटाचे 50,000 पुरतात, कधी तेही लागत नाहीत. बँकेतला माणूस मोठ्या रकमेकडे खुणावेल. त्याच्यापुढे वर्षाचे उद्दिष्ट असते, तुमच्यापुढे हप्ता असतो.

उत्पन्न वाढले तर बाकीचे लाभ जातील का?

अनेक घरे या भीतीने नोंदणी टाळतात आणि पाहुण्यांना ‘पाहुणे’ म्हणूनच ठेवतात. भीती निराधार नाही, पण आकडे पाहावेत. गृह आधारसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेसाठी ती अडीच लाख आहे. वरच्या उदाहरणातले 60,000 नवऱ्याच्या मजुरीत किंवा कुळागरातल्या सुपारीच्या उत्पन्नात मिळवले, तरी बरीच कुटुंबे मर्यादेच्या आतच राहतील. काही राहणार नाहीत. तुम्ही सीमेजवळ असाल तर आधी बेरीज करा आणि मग ठरवा. एक वही ठेवा. तीत आलेली रक्कम आणि झालेला खर्च दोन्ही लिहा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात गेल्यावर वही नसेल तर अंदाजाने मोठा आकडा लागण्याची शक्यता असते.

नोंदणी न करता खोली देणे मात्र धोक्याचे आहे. गोव्यात पर्यटकांना पैसे घेऊन राहायला देणाऱ्या प्रत्येकाने 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करायची असते, मग ती एकच खोली का असेना. नोंदणी नसताना पाहुण्याला काही झाले, तर जबाबदारी थेट घरमालकावर येते. पाहुणा परदेशी असेल, तर त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची न्याहारी-निवास आणि होमस्टे मान्यता वेगळी आहे. ती एक ते सहा खोल्यांच्या आणि मालक स्वतः राहत असलेल्या घरांना मिळते. तिच्यासोबत पैसे येत नाहीत. उपयोग एवढाच की पाहुण्याचा विश्वास बसतो आणि बँकेत दाखवायला एक कागद होतो.

घर कोणाच्या जमिनीवर आहे

आतल्या गोव्यात बहुतेक अर्ज इथे अडतात. घर आजोबांच्या वेळचे, घरपट्टी तुम्ही भरता, वीजबिल तुमच्या नावावर, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचे, कोमुनिदादचे किंवा सरकारचे. मुंडकारांना 1975 च्या कायद्याने घरातून काढता येत नाही आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. पण तो हक्क मामलेदाराकडे नोंदवलेला असेल तरच कागदावर दिसतो. सरकारी आणि कोमुनिदाद जमिनींवरची 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीची घरे नियमित करण्यासाठी 2025 मध्ये कायद्यात बदल झाले आणि ‘माझे घर’ योजना सुरू झाली. तुमचा अर्ज त्यात असेल, तर घराचा काही भाग पाहुण्यांना देण्याला आदेशात काही अट आहे का, हे तिथेच लेखी विचारून घ्या. नंतर विचारण्यापेक्षा ते सोपे पडते.

रानालगतच्या वाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी एकमेकांना लागून आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाहक्काने पुढे जातो आणि पती-पत्नी दोघांच्या नावे होतो, पण तो विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्यामुळे बाहेरचा कोणी ‘जागा तुमची, पैसे माझे, रिसॉर्ट दोघांचे’ असा करार घेऊन आला, तर सही करण्याआधी थांबा. असा करार तुमचा हक्कच अडचणीत आणू शकतो. अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात नव्या व्यावसायिक हॉटेलांवर निर्बंध असतात. पश्चिम घाटाच्या 56,825 चौरस किलोमीटर पट्ट्यासाठी केंद्राने 31 जुलै 2024 रोजी काढलेला अधिसूचनेचा मसुदाही याच भागाशी संबंधित आहे. राहत्या घरातली एक खोली आणि नवे बांधकाम यांतला फरक इथे फार महत्त्वाचा ठरतो.

पावसाळा हाच हंगाम

किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर मंदीचे दिवस. घाटाखाली मात्र तेव्हाच सारे पाहण्यासारखे असते: सावरी आणि मैनापीचे धबधबे, चोर्ला घाटातले धुके, भातलावणी. म्हणजे आतल्या होमस्टेचा हंगाम किनाऱ्याच्या उलट चालतो आणि ही त्याची जमेची बाजू आहे. धोकाही त्यातच आहे. जुलै 2023 मध्ये मैनापी धबधब्यावर दोन तरुण बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. ज्या दिवशी अशी बंदी येते, त्या दिवशी आरक्षणे रद्द होतात आणि हप्ता मात्र तसाच राहतो. एका धबधब्याच्या जोरावर कर्ज काढणाऱ्याने हे दिवस हिशेबात धरावेत. ज्या घरी कुळागर फिरवून दाखवता येते, उकड्या तांदळाची पेज, खतखते आणि सोलकढी वाढता येते, त्याचे नुकसान अशा वेळी कमी होते.

एकेकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केले तर काय होते, याचे उदाहरण कुळे येथे आहे. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर धारबांदोडा-सांगे भागातले रोजगार गेले. त्यानंतर दूधसागर धबधब्यावर पर्यटकांना नेणाऱ्या जीपगाड्या या भागातल्या अनेक घरांचा आधार झाल्या. जीपमालक संघटित होते, म्हणूनच 2024 मध्ये ऑनलाइन आरक्षण कोणी चालवायचे यावरून वाद झाला तेव्हा त्यांना सरकारशी बोलता आले. होमस्टेवाल्यांची अशी एकजूट अजून फार थोड्या गावांत आहे. महिला स्वयंसहाय्य गट असेल तर तिथून सुरुवात होऊ शकते: एका घरात खोली, दुसऱ्यात जेवण, तिसऱ्या घरातला मुलगा वाटाड्या.

सीमेपलीकडच्या वाचकांसाठी: सिंधुदुर्गासह महाराष्ट्रातल्या महिलांना ‘आई’ पर्यटन धोरणाखाली 15 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. व्याजदराची मर्यादा 12 टक्के असून सात वर्षे किंवा साडेचार लाख रुपये, जे आधी होईल तोवर हा परतावा चालतो. मुद्दल तुम्हालाच फेडायचे असते. बेळगाव-खानापूरकडे, कणकुंबी-जांबोटीच्या वाटेवर राहणाऱ्यांना मुद्रा आणि केंद्राची होमस्टे मान्यता तशीच लागू आहे. राज्याच्या योजनांसाठी त्यांनी कर्नाटकच्या पर्यटन विभागाकडे चौकशी करावी.

पंचायतीत किंवा बँकेत जाताना आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, वीजबिल, एक-चौदाचा उतारा, लागू असल्यास जमातीचा दाखला आणि मुंडकार किंवा वनहक्काचा कागद सोबत न्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत.

या कागदांसोबत खोलीचे दोन फोटोही न्या, एक आजचा आणि एक रंग दिल्यानंतरचा. बँकेतल्या माणसाने खोली कधी पाहिलेली नसते.